हस्तलिखितांतली स्वरचिन्हे आणि जुन्या खुणा युनिकोडमध्ये : कोणता संकेतांक, कोणता क्रम, काय बिघडते

[बोरू]

एकाच ऋचेच्या वेगवेगळ्या संकेतस्थळांवरच्या प्रती शेजारी ठेवून ताडून पाहा. अक्षरे जुळतात, स्वर जुळत नाहीत. डोळ्यांना दोन्ही ओळी सारख्याच दिसतात, संगणकाला मात्र ते वेगळे शब्द वाटतात. मग शोध लागत नाही, शब्दसूची नाहक फुगते, आणि पाठभेद म्हणून जे दिसते ते पाठभेद नसून टंकनभेद असतात. हे थांबायला हवे, म्हणून हा धागा.

लिहिण्याची एक सोय आधी सांगतो. संकेतांक (युनिकोड या जागतिक प्रमाणाने प्रत्येक चिन्हाला दिलेला क्रमांक) इथे 'यू+०९५१' असे लिहू आणि षोडशमान (सोळाच्या पायाच्या) अंकांतली अक्षरे ए ते एफ अशी देवनागरीत देऊ.

पायाभूत माहिती अशी. वेदपठणात उंच स्वर तो उदात्त, खालचा तो अनुदात्त, उतरता तो स्वरित; 'स्वर' म्हणजे इथे हे आणि त्यांची चिन्हे. देवनागरीचा मूळ संच यू+०९०० ते यू+०९७एफ. अक्षरावरची उभी रेघ यू+०९५१, खालची आडवी रेघ यू+०९५२. लगेच पुढे यू+०९५३ आणि यू+०९५४ अशी दोन तिरक्या रेघांची चिन्हे आहेत, वैदिक स्वरांसाठी त्यांना हात लावू नये. २००९च्या ५.२ आवृत्तीत दोन संच वाढले. 'वेदिक एक्स्टेन्शन्स' यू+१सीडी० पासून सुरू होतो. त्यात यजुर्वेदाच्या शाखांचे (पाठपरंपरांचे) स्वरित, विसर्गावरची चिन्हे, अनुस्वाराचे प्रकार आहेत. 'देवनागरी एक्स्टेन्डेड' यू+ए८ई० पासून. त्यात सामवेदाचे अक्षरावर बसणारे अंक व अक्षरे, शिवाय पुष्पिका, सिद्धम्, काकपद अशा पोथीतल्या खुणा आहेत.

मूळ प्रश्न असा : यू+०९५१ चे अधिकृत नाव 'उदात्त' असे आहे, आणि आपण ते ऋग्वेदात स्वरितासाठी वापरतो. हे बरोबर कसे?

[घनपाठी]

नाव चुकीचे पडले, आणि युनिकोडच्या स्थैर्याच्या नियमामुळे एकदा दिलेले नाव बदलत नाही. तक्त्यातच त्याखाली टीप आहे की हे चिन्ह बहुतांशी स्वरितासाठी वापरले जाते. ऋग्वेदाच्या नेहमीच्या पद्धतीत उदात्ताला खूणच नसते :

अ॒ग्निमी॑ळे पु॒रोहि॑तं य॒ज्ञस्य॑ दे॒वमृ॒त्विज॑म्

'अ'खाली अनुदात्त, 'ग्नि' उदात्त म्हणून कोरा, 'मी'वर स्वरित, 'ळे' प्रचय (स्वरितानंतरचा, खूण नसलेला अनुदात्त) म्हणून पुन्हा कोरा. नाव पाहून कोणी 'ग्नि'वर यू+०९५१ टाकले तर सगळी ऋचा बिघडते.

पण माझे म्हणणे वेगळे आहे. आकार साठवण्यापेक्षा अर्थ साठवावा. हा उदात्त, हा स्वरित, अशी खूण मजकुरातच घालून ठेवली तर पुढचे सगळे विश्लेषण सोपे होईल.

[भूर्जपत्र]

इथे मी ठामपणे असहमत आहे, आणि कारण शाखांमध्येच आहे. उभी रेघ ऋग्वेद, अथर्ववेद आणि यजुर्वेदाच्या तैत्तिरीय शाखेत स्वरित दाखवते. यजुर्वेदाच्याच मैत्रायणी आणि काठक संहितांत तीच उभी रेघ उदात्तावर येते. शतपथ ब्राह्मणात खालची आडवी रेघ उदात्त दाखवते, म्हणजे 'अनुदात्त' नावाचा यू+०९५२ तिथे नेमका उलट काम करतो. आणि एकाच वेदातही हे बदलते. पुण्याच्या भांडारकर संस्थेतली ऋग्वेदाची ३० हस्तलिखिते २००७ साली युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत आली. त्यांतली एक प्रत भूर्जपत्रावर काश्मीरच्या शारदा लिपीत आहे, बाकीची देवनागरीत. काश्मिरी पद्धतीत उदात्तावर रेघ असते आणि स्वतंत्र (आधी उदात्त नसताना येणाऱ्या) स्वरिताला निराळे चिन्ह. त्यासाठीच यू+१सीई० वेगळा ठेवला आहे.

तेव्हा टंकणाऱ्याने पानावर जो आकार आहे तोच उतरवावा. अर्थ हा शाखा आणि पोथीची पद्धत कळल्यावर काढायचा निष्कर्ष आहे. तो वेगळ्या रकान्यात किंवा टीईआय एक्सएमएलच्या (ग्रंथसंपादनासाठी मजकुरात खुणा घालण्याच्या प्रमाण पद्धतीच्या) खुणांमध्ये ठेवावा. आकार जपला तर अर्थ कधीही पुन्हा काढता येतो. आधीच अर्थ लावून आकार बदलला आणि पुढे तो अर्थ चुकीचा निघाला, तर मूळ पान परत उघडण्यावाचून इलाज नाही.

[घनपाठी]

शतपथाचा मुद्दा निर्णायक आहे. मान्य. मात्र शाखा आणि स्वरांकनाची पद्धत ही माहिती प्रत्येक फाइलच्या माथ्यावर सक्तीची करा. ती नसेल तर आकारांचा ढीग कोणाच्याच उपयोगाचा नाही.

[रफार]

आता क्रमाकडे वळू, कारण निम्म्या चुका क्रमाच्या असतात.

नियम : व्यंजन किंवा पूर्ण जोडाक्षर, मग मात्रा, मग अनुस्वार किंवा विसर्ग, आणि सगळ्यांत शेवटी स्वर. 'नमः॑' हा शब्द न, म, विसर्ग, यू+०९५१ असा टंकावा. बरेच जण स्वर 'म'चा आहे म्हणून 'म'नंतर लगेच स्वर आणि मग विसर्ग टाकतात. विंडोजची आकारणयंत्रणा (संकेतांकांतून पडद्यावरची अक्षरे जुळवणारी आज्ञावली) आणि तेच काम करणारी हार्फबझ दोन्ही देवनागरीत वरचाच क्रम धरून चालतात. स्वरानंतर विसर्ग आला की त्या विसर्गाला आधाराचे अक्षर सापडत नाही आणि ठिपक्यांचे वर्तुळ उमटण्याचा धोका असतो. उभी रेघ विसर्गावर न सरकता 'म'च्या माथ्यावर बसवणे हे फॉन्टचे काम आहे. त्यासाठी मजकूर उलटा करू नये.

अनुस्वाराचेही तसेच. 'इन्द्र॑स्य॒ नु वी॒र्या॑णि॒ प्र वो॑चं॒' यातल्या शेवटच्या अक्षरात च, अनुस्वार, यू+०९५२.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. लोकांना वाटते, नॉर्मलायझेशन (एकाच मजकुराची वेगवेगळी लेखने एका ठरलेल्या रूपात आणणे) चालवले की क्रम आपोआप नीट होईल. तसे होत नाही. प्रत्येक जोडचिन्हाला (आधीच्या अक्षराला चिकटणाऱ्या चिन्हाला) एक वर्गांक असतो : नुक्ता ७, हलन्त ९, यू+०९५२ ला २२०, यू+०९५१ ला २३०. एनएफसी (नॉर्मलायझेशनचा नेहमीचा प्रकार) करताना शून्याहून मोठे वर्गांक चढत्या क्रमाने लावले जातात, पण शून्य वर्गांकाचे चिन्ह ओलांडले जात नाही. मात्रा, अनुस्वार, विसर्ग यांचा वर्गांक शून्य. त्यामुळे 'विसर्ग मग स्वर' आणि 'स्वर मग विसर्ग' ही दोन लेखने एनएफसीनंतरही कायमची वेगळीच राहतात. ती स्वतःच्या आज्ञावलीने एकत्र आणावी लागतात : स्वरानंतर लगेच यू+०९०१ ते यू+०९०३ पैकी काही आले तर अदलाबदल करा. हे एनएफसीच्या आधी एकदा आणि नंतर एकदा चालवा.

[शिरोरेषा]

याच वर्गांकांतून निघणारा आणखी एक घोटाळा. कोणी जोडाक्षराच्या मध्येच, व्यंजन आणि हलन्त यांच्या दरम्यान, यू+०९५२ टाकला, तर एनएफसी हलन्ताला (९) आधी आणि स्वराला (२२०) नंतर ठेवते. आता स्वर हलन्त आणि पुढच्या व्यंजनाच्या मधोमध अडकतो आणि जोडाक्षर तुटते. टंकताना ठीक दिसलेले अक्षर जतन करून उघडल्यावर का फुटले, याचे उत्तर बहुधा हेच असते. जोडाक्षर पूर्ण झाल्याशिवाय आणि मात्रा लागल्याशिवाय स्वर टाकायचाच नाही.

[घनपाठी]

ऋग्वेदातल्या कंपाचे अंक कसे टंकायचे ते इथेच नोंदवतो. जात्य म्हणजे स्वतंत्र स्वरितानंतर लगेच उदात्त आला की मध्ये १ किंवा ३ लिहितात. अक्षर ऱ्हस्व असेल तर १, दीर्घ असेल तर ३, आणि त्या अंकाला वर-खाली दोन्ही रेघा :

उ॒त स्वया॑ त॒न्वा॒३॒॑ सं व॑दे॒ तत्क॒दा न्व१॒॑न्तर्वरु॑णे भुवानि

सातव्या मंडलाच्या ८६व्या सूक्तातल्या या एका ओळीत दोन्ही प्रकार आहेत. दीर्घ प्रकारात खुद्द 'न्वा'खालीही रेघ आहे, ती गाळू नये. अंक देवनागरीचाच, यू+०९६७ किंवा यू+०९६९. त्यानंतर यू+०९५२ आणि मग यू+०९५१. हे दोन उलटे टंकले तरी चालते, कारण दोघांचेही वर्गांक शून्याहून मोठे असल्याने एनएफसी त्यांना एकाच क्रमात आणते. अंकाच्या आधी किंवा नंतर जागा सोडू नका, नाहीतर शब्दाचे दोन तुकडे होतात. वर चढवलेला छोटा अंक म्हणून एचटीएमएलची खूणही वापरू नका. ती शब्दाच्या मध्येच घुसते आणि नकल करून दुसरीकडे नेली की हरवते.

[बोरू]

तैत्तिरीयातल्या दुहेरी रेघेचे काय? काही पाठांत यू+०९५१ दोनदा दिसतो, काहींत एकच चिन्ह.

[घनपाठी]

दीर्घस्वरितासाठी यू+१सीडीए. पुरुषसूक्तात फरक स्पष्ट दिसतो. ऋग्वेदात 'तस्मा॑द्वि॒राळ॑जायत', तैत्तिरीय आरण्यकात 'तस्मा᳚द्वि॒राड॑जायत'. यू+०९५१ दोनदा टाकून तेच दाखवणे २००९च्या आधीची तडजोड होती. दोन्हींची एनएफसी एक होत नाही, म्हणून जुन्या फाइलींत लागोपाठचे दोन यू+०९५१ शोधून यू+१सीडीए करून घ्या. सरळ अवतरणचिन्ह टाकून दुहेरी रेघ भासवलेल्या फाइलीही भेटतात. त्या आधी दुरुस्त करा, कारण अवतरणचिन्ह हे जोडचिन्ह नाही आणि शब्द तिथेच तुटतो.

यजुर्वेदातला र, श, ष, स, ह यांच्या आधीचा अनुस्वार, ज्याचा उच्चार 'ग्ं'सारखा करतात, तो यू+ए८एफ३ : ꣳ. चंद्रबिंदू आणि हलन्त जोडून तो बनवू नका. यू+ए८एफ३ हे युनिकोडच्या दृष्टीने स्वतंत्र अक्षर आहे, जोडचिन्ह नाही. त्यामुळे स्वर काढून टाकणाऱ्या आज्ञावलीतून ते सुटून जाते आणि शोधाच्या प्रतीत तसेच राहते. त्याचा अनुस्वार करण्याची ओळ वेगळी लिहावी लागते.

सामवेदाचे थोडक्यात :

अ꣢ग्न꣣ आ꣡ या꣢हि वी꣣त꣡ये꣢ गृणा꣣नो꣢ ह꣣व्य꣡दा꣢तये

अंक यू+ए८ई० ते यू+ए८ई९, 'र' यू+ए८ईएफ. 'होता꣢꣯' मध्ये २ आणि र असे दोन एका अक्षरावर येतात. छापील परंपरेत ते शेजारी शेजारी असतात. फॉन्टने ते एकावर एक रचले तर फॉन्ट बदला, मजकुराला हात लावू नका. दोघांचाही वर्गांक २३०, म्हणून टंकलेला क्रम तसाच राहतो. आधी अंक, मग र.

[पडिमात्रा]

स्वरांबरोबर पृष्ठमात्रेकडेही लक्ष द्या. शिलालेखांत आणि जुन्या देवनागरी पोथ्यांत 'के'ची मात्रा अक्षराच्या डावीकडे उभी असते. तिच्यासाठी यू+०९४ई आहे, हाही ५.२ मधला. मात्रा डावीकडे दिसत असली तरी टंकायची व्यंजनानंतरच, वेलांटीसारखी.

के : क + ०९४ई
कै : क + ०९४ई + ०९४७
को : क + ०९४ई + ०९३ई
कौ : क + ०९४ई + ०९४बी

सगळ्यांचे वर्गांक शून्य, म्हणून क्रम चुकला तर चुकलेलाच राहतो. यू+०९४ई नेहमी आधी. आणि युनिकोडच्या लेखी 'कॎा' आणि 'को' एक नाहीत, कोणतेही नॉर्मलायझेशन त्यांना एक करत नाही. हे योग्यच आहे, कारण लेखाचा काळ ठरवताना पृष्ठमात्रा हा पुरावा असतो. काही जण 'अर्थ तोच' म्हणून थेट आधुनिक मात्रा टंकतात, तेव्हा हा पुरावा नाहीसा होतो. भूर्जपत्र यांनी स्वरांबद्दल मांडलेला मुद्दा इथे शब्दशः लागू आहे.

शोधाच्या प्रतीसाठी रूपांतर करताना क्रम सांभाळा. आधी जोड्या बदला : ०९४ई+०९४बी चे ०९४सी, ०९४ई+०९४७ चे ०९४८, ०९४ई+०९३ई चे ०९४बी. उरलेल्या एकट्या ०९४ई चे ०९४७ सर्वांत शेवटी. एकट्याचा नियम आधी चालला तर 'को'चे 'के' आणि सुटा काना होतो आणि पानभर ठिपक्यांची वर्तुळे दिसतात.

[बोरू]

शोधाची प्रत हा शब्द दोनदा आला. त्याबद्दल कोणी नीट लिहा.

[रफार]

दोन रकाने ठेवा. पहिल्यात पोथीप्रमाणे मजकूर, एनएफसीत, वर सांगितलेल्या क्रमाने. दुसऱ्यात त्यातूनच आज्ञावलीने काढलेला स्वररहित मजकूर, फक्त शोधासाठी. दुसरा रकाना हाताने कधीच सुधारायचा नाही. चूक सापडली तर पहिल्यात दुरुस्त करून दुसरा पुन्हा काढायचा.

स्वर काढताना सर्वांत जास्त दिसणारी चूक अशी : रोमन लिपीवरचे आघात काढायची जी तयार पाककृती मिळते, तीत 'एमएन' प्रकारची (युनिकोडच्या वर्गवारीत स्वतःची जागा न व्यापणारी) सगळी जोडचिन्हे गाळतात. देवनागरीत तो प्रकार फक्त स्वरांचा नाही. हलन्त, उकार, ऋकार, एक मात्रा, दोन मात्रा, अनुस्वार, चंद्रबिंदू हे सगळे 'एमएन' आहेत. काना, दोन्ही वेलांट्या, विसर्ग मात्र 'एमसी' (जागा व्यापणारी जोडचिन्हे). ती पाककृती 'अ॒ग्निमी॑ळे'वर चालवली की 'अगनिमीळ' हाती येते. हलन्त गेला, मात्रा गेली, वेलांट्या राहिल्या.

म्हणून प्रकारावर न जाता यादी द्या. काढायचे ते यू+०९५१, यू+०९५२, यू+१सीडी० ते यू+१सीडी२, यू+१सीडी४ ते यू+१सीई०, यू+ए८ई० ते यू+ए८एफ१. वेदिक एक्स्टेन्शन्सचा संच सरसकट पुसू नका. त्यात अनुस्वाराची रूपे आहेत, आणि जिह्वामूलीय (यू+१सीएफ५) व उपध्मानीय (यू+१सीएफ६) ही अक्षरे आहेत. शेवटच्या दोन्हींचा शोधाच्या प्रतीत विसर्ग करा. कंपाचे १ आणि ३ काढताना अट घाला की अंकानंतर यू+०९५२ किंवा यू+०९५१ असलाच पाहिजे, नाहीतर ऋचांचे क्रमांकही गळतील. म्हणजेच हा नियम स्वर गाळण्याच्या आधी चालवायचा.

[घनपाठी]

ऋग्वेदासाठी यांत्रिक मुद्रितशोधन शक्य आहे, आणि ते फार कमी जण करतात. स्वरशास्त्राचे दोन नियम पुरतात.

एक, लागोपाठच्या दोन अक्षरांखाली अनुदात्ताची रेघ फक्त अर्धर्चाच्या (ऋचेच्या अर्ध्या भागाच्या) आरंभीच येऊ शकते. पहिल्या उदात्ताच्या आधीची सगळी अक्षरे तिथे रेघांकित असतात. मध्येच अशी जोडी दिसली तर चूक समजा. अपवाद त्या दीर्घ कंपाचा, 'न्वा॒३॒॑'.

दोन, रेघांकित अनुदात्ताच्या लगेच पुढच्या अक्षरावर उभी रेघ असेल, मध्ये कोरा उदात्त नसेल, तर तो स्वतंत्र स्वरित असला पाहिजे. तो बहुधा य किंवा व असलेल्या जोडाक्षरावर असतो, जसे 'वी॒र्या॑णि', 'क॒न्या॑'. अशा सगळ्या जागा वेगळ्या काढा आणि ज्यांत य-व नाही त्या डोळ्यांनी तपासा. संधीमुळे आलेले काही खरे निघतील, बाकीच्या टंकनचुका. एक रेघ सुटली किंवा एका अक्षराने सरकली की हे दोन नियम ती पकडतात.

यासाठी मजकूर आधी अक्षरांत तोडावा लागतो, संकेतांकांत नव्हे. आणि शब्दांमधल्या मोकळ्या जागा काढून अर्धर्च सलग घ्या, कारण स्वर शब्दाच्या सीमेपाशी थांबत नाही.

[मोडीवाचक]

मोडीचे प्रश्न निराळ्या थरावर आहेत. मोडी २०१४च्या ७.० आवृत्तीत आली, यू+११६०० ते यू+११६५एफ, ७९ चिन्हे. अनुस्वार यू+११६३डी, विसर्ग यू+११६३ई, हलन्त यू+११६३एफ, अर्धचंद्र यू+११६४०, संक्षेपचिन्ह यू+११६४३.

पहिला प्रश्न साठवणीचा. हा संच चार षोडशमान अंकांच्या पलीकडचा आहे, म्हणून यूटीएफ-८ मध्ये (संकेतांक बाइटांत साठवण्याच्या पद्धतीत) प्रत्येक चिन्हाला ४ बाइट लागतात. मायएसक्यूएल या माहितीसाठा-प्रणालीत 'यूटीएफ८' नावाचा जुना संच कमाल ३ बाइटच घेतो. रकाना त्यात असेल तर मोडी मजकूर नाकारला जातो किंवा पहिल्या मोडी अक्षरापाशी कापला जातो. रकाना, तक्ता आणि जोडणी तिन्ही 'यूटीएफ८एमबी४' हवीत. फक्त तक्ता बदलून जोडणी तशीच ठेवली की मजकुराऐवजी प्रश्नचिन्हे साठतात, आणि प्रश्नचिन्हांतून मजकूर परत मिळत नाही. वैदिक संच ३ बाइटांत बसतात, म्हणून वेदाचे काम ज्या व्यवस्थेत सुरळीत चालते तीच व्यवस्था मोडीला चालेल असे धरू नका.

जावास्क्रिप्टमध्ये हेच अक्षर दोन एककांचे असते : यू+११६०० म्हणजे डी८०५ आणि डीई००. लांबी मोजताना किंवा मजकूर कापताना एककांऐवजी संकेतांकांवर फिरा.

दुसरा प्रश्न वेलांटी-उकारांचा. मोडीत सामान्यतः ऱ्हस्व-दीर्घ भेद लिहीत नाहीत, दोन्हींसाठी एकच आकार. युनिकोडमध्ये मात्र दोन्ही आहेत : यू+११६३१, ११६३२ वेलांट्यांसाठी, यू+११६३३, ११६३४ उकारांसाठी. आजचे शुद्धलेखन मनात धरून कुठे ऱ्हस्व, कुठे दीर्घ टंकले तर लेखकाने न केलेला भेद आपण कागदावर लादतो. सबंध प्रकल्पासाठी प्रत्येक जोडीतला एकच संकेतांक ठरवा, फाइलच्या माथ्यावर लिहा, आणि ऱ्हस्व-दीर्घ फक्त देवनागरी लिप्यंतरात दाखवा.

शिरोरेषेसाठी काही टंकायचे नाही. कागदावर ती ओळभर आधी ओढलेली असते, पण ती फॉन्टची जबाबदारी. शब्दांत जागा नसेल तर मूळ प्रतीत जागा घालू नका. ओळ तुटण्यापुरती सोय हवी असेल तर शून्य रुंदीची जागा, यू+२००बी, वापरा आणि शोधाच्या प्रतीत तिचे काय करायचे ते ठरवा.

[शिरोरेषा]

संकेतस्थळावर स्वर तुटून दिसतात, त्याचे कारण अनेकदा मजकुरात नसतेच. वेबफॉन्टला 'युनिकोड-रेंज' (तो कोणत्या संकेतांकांसाठी वापरायचा ती मर्यादा) लावताना फक्त ०९०० ते ०९७एफ दिले जाते. मग यू+१सीडीए साठी ब्राउझर दुसरा फॉन्ट शोधतो, आणि अक्षर एका फॉन्टमध्ये व स्वर दुसऱ्यात गेला की त्या दोघांची जुळणी होत नाही. एकटा पडलेला स्वर ठिपक्यांच्या वर्तुळावर उमटतो किंवा बाजूला सरकतो. त्या मर्यादेत १सीडी० ते १सीएफएफ, ए८ई० ते ए८एफएफ, २००सी, २००डी (अक्षरे न जोडणारे आणि जोडणारे अदृश्य चिन्ह) आणि २५सीसी (ठिपक्यांचे वर्तुळ) हवेच. फॉन्टमधली नको असलेली चिन्हे काढून त्याची फाइल लहान करताना 'मार्क', 'एमकेएमके', 'एबीव्हीएम', 'बीएलडब्ल्यूएम' ही वैशिष्ट्ये गळत तर नाहीत ना, तेही पाहा. चिन्हे कुठे बसायची ते यांतच लिहिलेले असते.

फॉन्टमध्ये आयआयटी मुंबईचा शोभिका वैदिक कामासाठी भरवशाचा आहे आणि मुक्त परवान्याचा आहे. मोडीसाठी नोटो सॅन्स मोडी.

ओळींमधले अंतर अक्षराच्या आकाराच्या १.८ ते २ पट ठेवा. रफार, मात्रा, अनुस्वार आणि त्यावर स्वरित अशी चळत वर जाते, आणि खाली उकाराखाली अनुदात्त. नेहमीच्या १.४ पटीत वरच्या ओळीची रेघ खालच्या ओळीच्या स्वरितात मिसळते आणि वाचणारा चुकीच्या अक्षरावर स्वर वाचतो.

[बोरू]

एक शेवटचे. पोथीत असे चिन्ह आले की ज्याला संकेतांकच नाही, तर?

[भूर्जपत्र]

आधी खरोखर नाही ना हे पाहा. ओळीत राहून गेलेले अक्षर दाखवणारे काकपद अनेक जण रोमन कळफलकावरच्या टोपीच्या चिन्हाने टंकतात, त्यासाठी यू+ए८एफए आहे. 'ग्रंथ' नावाच्या दक्षिणेतल्या लिपीतल्या सामगानांसाठी त्या लिपीचे स्वतःचे अंक यू+११३६६ पासून आहेत, तिथे देवनागरीचे अंक नकोत. नंदिनागरी (देवनागरीशी नाते असलेली दक्षिणेतली लिपी) २०१९च्या १२.० आवृत्तीत आली, तेव्हा तिच्यासाठी देवनागरीवर भागवण्याचे कारण उरलेले नाही.

तरीही सापडले नाही, तर दुसऱ्या लिपीतले दिसायला सारखे चिन्ह उसने घेऊ नका. रोमनसाठीची उभी रेघ यू+०३०डी पडद्यावर यू+०९५१ सारखीच दिसते आणि शोधात कधीच सापडत नाही. खाजगी वापराच्या संचातला, यू+ई००० ते यू+एफ८एफएफ, संकेतांक घेतला तर त्या फॉन्टशिवाय मजकूर वाचता येत नाही, आणि दुसऱ्याच्या फॉन्टमध्ये त्याच जागी भलतेच चिन्ह असू शकते. त्याऐवजी अक्षर साधे टंका आणि त्याला एक्सएमएलची खूण लावा : चिन्हाचे तात्पुरते नाव, जागा (वर, खाली, मध्ये), पान, ओळ आणि कातरलेले चित्र. चित्र किमान ३०० डीपीआय, शेजारची दोन अक्षरे दिसतील एवढे. युनिकोडकडे नवे चिन्ह मागायचे तर प्रस्तावात हेच लागते : एकाहून अधिक पोथ्यांतले नमुने, आणि ते चिन्ह आधीच्या चिन्हाचे केवळ हस्ताक्षरातले रूप नाही हे दाखवणारी, दोन्ही चिन्हे एकाच पानावर वेगळी आलेली जागा. टंकतानाच हे जमा करत गेलात तर संकेतांक मिळाल्यावर सगळ्या फाइलींत तात्पुरते नाव एका आज्ञेने बदलता येते.